सारवलेली चूल

सर कोणाच्याही घरी गेले की आधी चुलीला भेटायचे आणि मग माणसांना. चपला बाहेर काढायच्या, वाकून दारातून आत शिरायचं आणि कोणी 'या, बसा' म्हणायच्या आत स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन चुलीच्या कडेवर पंजा टेकवायचा. काय कळायचं ते कळलं की बाहेर येऊन हात जोडायचे, "हं, नमस्कार. बरे आहा ना?" तोवर घरातला म्हातारा खाटेवरून उठून काठी शोधत असायचा. पहिला महिनाभर मला त्यांच्यासोबत जायची लाज वाटायची. पुढे सवय झाली, आणि त्याहून पुढे मीही कोणाच्या घरी गेले की माझी नजर आधी चुलीकडे, नाहीतर शेगडीकडे जायला लागली. ती खोड अजून गेलेली नाही. नणदेने यावरून मला एकदा चांगलंच सुनावलं आहे.

आमचं काम सांगायला सोपं आणि पटायला अवघड होतं. दूरदेशीची एक कंपनी धूर सोडायची. त्या धुराची भरपाई म्हणून ती आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या गावांत सुधारित चुली बसवून द्यायची. बाहेरून मातीची, आत लोखंडी जाळी आणि मागे धुराडं, अशी ती चूल. लाकूड कमी खायची, धूर घरात सोडायची नाही. पण चूल बसवली म्हणजे ती पेटतेच असं थोडंच आहे? कोणाकडे ती पेटते, कोणी तिच्यावर पापडाचे डबे ठेवलेत, लाकूड खरंच वाचतं का, हे दारोदार जाऊन तपासायचं आणि लिहून पाठवायचं. ते काम सरांचं, आणि मी त्यांच्या हाताखाली. आईला हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे धूर तिकडचा न् झडती आपल्या चुलीची? न्यारीच गोठ आहे बाप्पा!"

सर त्याआधी एका सरकारी प्रशिक्षण केंद्रात शिकवायचे. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्यांच्या केंद्रातल्या सामानाचीही वाटणी झाली. तीत प्रयोगशाळेतला तराजू गोंदियाला गेला आणि त्याची वजनं भंडाऱ्यात राहिली. एक तर तराजू परत द्या, नाहीतर वजनंही घेऊन जा, असे अर्ज सरांनी म्हणे बरेच केले. दोन्ही झालं नाही. "मंग मी नुसती वजनं दाखवून लेकरायले शिकवलं, पाहा रे, किलो असा दिसते," असं ते हसत सांगायचे, पण ती गोष्ट त्यांना लागली होती. तेव्हापासून त्यांनी स्वतःचा लोंबता काटा घेतला. तो ते दुपट्ट्यात गुंडाळून लेकरासारखा मांडीवर घेऊन बसत. मी भंडाऱ्याहून स्कुटी काढायची, पूल ओलांडून कारध्याला त्यांना मागे बसवायचं आणि पवनीच्या रस्त्याला लागायचं. रस्ताभर ते बोलत राहायचे. निम्मं वारा घेऊन जायचा, निम्म्याला मी 'हाव सर' म्हणायची.

त्यांच्या तपासणीचे प्रकार कागदावर कुठेच लिहिलेले नव्हते. चुलीच्या वर छपराला कोळ्याचं जाळं दिसलं की त्या घराचं नाव बाद. "कोयी पेटत्या चुलीवर जाळं नाई बांधत. त्याले आपल्यापेक्षा जास्त समजते." मग घरच्या बाईला विचारायचं, काल काय रांधलं? ती म्हणाली वांग्याची भाजी, तर वांग्याची भाजी ज्यात झाली तो गंज, म्हणजे पातेलं, दाखवा. गंजाचं बूड बोटाने खरवडून पाहायचं. भिंतीवरून पांढऱ्या फडक्याचा तुकडा फिरवायचा आणि तारीख घालून वहीत टाचायचा. काही घरांत तीन तीन दिवस जाऊन सकाळी सरपण जोखायचं, संध्याकाळी उरलेलं जोखायचं. आणि कधीही सांगून जायचं नाही. हा नियम त्यांनी मला पहिल्या दिवशी तीनदा बजावला होता.

मी फॉर्मवर एकदा 'बहुतेक रोज वापर' असं लिहिलं. त्यांनी स्कुटी थांबवायला लावली, रस्त्याच्या कडेला धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहिले आणि म्हणाले, "बहुतेक म्हंजे काय? तुह्यं लगन बहुतेक झालं आहे का?" आम्ही सहा किलोमीटर मागे जाऊन पुन्हा ते घर पाहिलं. चूल बंद होती. बाईंनी मला खोटं सांगितलं नव्हतं, मीच नीट विचारलं नव्हतं.

माणूस चिडका नव्हता, पण खऱ्याच्या बाबतीत त्यांना हलकीशीही खोट चालायची नाही. कंपनीला चुली पेटत्या हव्या होत्या आणि सर बंद चुलीही तितक्याच आनंदाने लिहायचे. बंद चूल दिसली की त्यांचे डोळे चमकायचे. ती का बंद पडली हे शोधायला ते तिथेच बसकण मारायचे. त्यातून त्यांना समजलं होतं की या चुलीचं तोंड लहान आहे, आमच्याकडचा मोठा गंज तिच्यावर बसत नाही. म्हणून त्यांनी कारध्याच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, स्वतःच्या चुली बनवायला घेतल्या. रुंद तोंडाची, धानाच्या कोंड्यावर चालणारी, धूर न करणारी चूल त्यांना करायची होती. एक जमली नाही की तिच्या शेजारी दुसरी. रांग लागली होती. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "घरात गॅस आहे, न् मांगं पाहा, चुलीची शाळा भरली आहे." सर म्हणायचे, "दहा वर्षं लागतीन. लागू दे. चूल काही एका जन्माचं काम नोहे." कंपनीचा पुढचा टप्पा आला की त्यात ही कोंड्याची चूल बसवायची, यावर त्यांनी सगळी आशा ठेवली होती.

आता सयत्राबाईंबद्दल सांगायला हवं. इथे माझी लेखणी अडखळते.

पवनीकडच्या एका गावात त्यांचं घर होतं. कास्तकार माणसं, दोन बांध्या, एक म्हैस. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळची वेळ होती. सर नेहमीसारखे आत घुसले. मी उंबऱ्याशीच थांबले. आमची वस्ती कोणती, हे आडनावावरून अशा गावांत लगेच कळतं, आणि आजीने मला लहानपणी जे सांगितलं होतं ते माझ्या पायांत होतं. कुठे थांबायचं हे पायच ठरवायचे. सयत्राबाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तू काहून तठी उभी? तुले चूल नाई पाहाची का? ये अंदर." मला थेट चुलीपाशी पाट दिला, पाणी दिलं. आणखी चार घरांनीही मला आत घेतलं असेल, नाही असं नाही. पण इतक्या सहज कोणीच नाही. ती गोष्ट मी त्यांना कधी बोलून दाखवली नाही.

त्या दिवशी चूल मात्र अशी होती की विचारू नका. रात्रीची राख तशीच, वैलावर उतू गेलेली पेज वाळून बसलेली, भिंत काळी कुळकुळीत. सर तिच्यासमोर बसून मान डोलवत म्हणाले, "वा! काय घाण चूल आहे!" त्यांच्या तोंडून कोणत्या बाईला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती. सयत्राबाईंचा चेहरा उतरला. आम्ही निघालो तशी त्यांनी मला दाराआड ओढलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोरी, पाव्हना येनार असला तं सांगत जाय माय. बाईच्या जातीले खरकट्या चुलीपुढं उभं करते का कोनी? तुले बी घर आहे ना?" मी म्हटलं, पुढल्या वेळी सांगीन. असंच म्हणून गेले. नियम आठवत असून म्हटलं.

वर्षभराने कंपनीने बाहेरच्या शहरातला एक तपासनीस पाठवला. आमच्या कामाची तपासणी करायला. नियम असा की ज्याच्या सहीने नोंदी गेल्या त्याने सोबत यायचं नाही, म्हणून सर घरी आणि मी वाट दाखवायला. कोणती घरं पाहायची त्याची यादी आदल्या दिवशी दुपारी आली, आणि ती कोणालाही सांगायची नव्हती. यादीत सयत्राबाईंचं गाव होतं, त्यांचं घर होतं.

मी फोन केला. कोणी करायला लावला नाही, कोणी मागितला नाही. मला त्यांचे ते डोळे आठवले आणि मी केला. "उद्या मोठा साहेब येऊन राहिला, मावशी. पण मी सांगतलं म्हून कोनाले सांगजो नका, माही नोकरी जाईन." त्या म्हणाल्या, "गळ्याची आन. नाई सांगत." फोन ठेवताना मला बरं वाटलं होतं. एखाद्याच्या उपकाराची फेड झाली म्हणजे वाटतं तसं.

दुसऱ्या दिवशी गावात शिरलो आणि मला पहिल्या घरीच कळलं. सयत्राबाईंनी शब्द मोडला नव्हता, माझं नाव घेतलं नव्हतं. फक्त साहेब येणार एवढं चार जणींना सांगितलं होतं. मोठा पाहुणा येणार म्हणजे बाया काय करणार? सगळ्या घरांतून चुली उपसल्या होत्या. राख काढली, जाळी घासली, काजळी खरवडली, वरून छुईने पोतलं. छुई म्हणजे पांढरी माती, सणाला लावतात ती. मागच्या भिंतींना चुना. धुराडी ओल्या फडक्याने पुसलेली. आणि एवढी सारवलेली चूल साहेबाच्या आधी कशी पेटवायची? म्हणून सकाळचा स्वयंपाक सगळ्यांनी सांदवाडीत तीन गोट्यांवर केलेला.

तपासनीस शिकलेला होता, वाईट नव्हता. त्याला दिसलं ते त्याने पाहिलं. घरात कोरी करकरीत चूल आणि मागे तीन दगडांत गरम राख. सयत्राबाईंच्या दारात तांदळाची रांगोळी होती. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. "रोज पेटवतो साहेब, हेच चूल," त्या हात जोडून सांगत होत्या. त्याने चुलीत बोट घातलं, पांढरं निघालं. सांदवाडीतल्या गोट्यांचा फोटो घेतला. मी हिंदीत म्हटलं, "सर, आपके लिए साफ किया है। यहाँ ऐसाच करते।" त्याने माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "मतलब इन्हें मालूम था हम आ रहे हैं?"

सांगायला एक शब्द पुरला असता. मी म्हटलं, "नहीं सर।"

अहवाल आला. चुली वापरात नाहीत, स्थानिक नोंदी विश्वासार्ह नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. ज्या माणसाने 'बहुतेक' या शब्दासाठी मला सहा किलोमीटर मागे फिरवलं त्याने घरबसल्या फॉर्म भरले असतील, असा त्याचा अर्थ. ऑफिसातल्यांनी तो लगेच मान्यही केला. ज्यांना सरांनी वर्षभर बंद चुली लिहून जेरीस आणलं होतं ते म्हणू लागले, "बुढा लय खऱ्याचा वारसा सांगत होता ना?"

सर तो अहवाल घेऊन माझ्याकडे आले. रागावलेले नव्हते. एखादं गणित चुकलं की पोरगं येतं तसे आले होते. "गावात कोनी आधी सांगतलं तं नव्हतं ना?"

"नाही सर."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी तो प्रश्न विचारला नाही. चूल, गंज, भिंत, जाळं, काटा, सगळं दोनदा तपासणाऱ्या माणसाने मला एकदाही तपासलं नाही. मी नाही म्हटलं, तो हिशेब त्यांच्यासाठी मिटला. आणि मग उरलं काय? मग ते स्वतःच्या रीतीत चूक शोधू लागले. त्यांच्या मनाने घेतलं की बायांनीच आपल्याला फसवलं. "मी एका घरी बसलो की दुसऱ्या घरी बातमी. तेवढ्यात इस्तो पेटवता येते. दहा मिनिटं पुरतात. कसं नाई समजलं मले?" मी समोर बसून ऐकत होते.

आठवड्याने ते म्हणाले, सयत्राबाईंकडे जायचं आहे. मी स्कुटी काढली. त्या दिवशी रस्ताभर ते एक शब्द बोलले नाहीत. आणि सयत्राबाईंच्या घरी आयुष्यात पहिल्यांदा सर आधी चुलीकडे गेले नाहीत. अंगणात उभे राहिले. खिशातून अहवालातला गोट्यांचा फोटो काढला.

"सयत्राबाई, हे तुमचंच घर ना?"

"हाव साहेब."

"त्या दिवशी गोट्यावर रांधलं?"

"हाव."

"मंग वरसभर माह्यापुढं चूल पेटवून कायले दाखवत होत्या? मी काय तुमचं वाईट केलं होतं? खोटं काहून बोललात माह्याशी?"

सयत्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा क्षण. त्यांना वाटलं असावं की मी आता बोलेन. मी स्कुटीच्या आरशाकडे पाहत होते. मग त्यांना कळलं की मी बोलणार नाही, आणि त्यांनी तर आण घेतली होती.

"तुमी म्हनता तसं असन साहेब," त्या म्हणाल्या.

आत गेल्या. आम्हाला वाटलं पाणी आणायला गेल्या. आतून धप्प असा आवाज आला, मग आणखी एक. सर दारात गेले, मी त्यांच्या मागे. सयत्राबाई सब्बलीने, म्हणजे पहारीने, चूल फोडत होत्या. रडत नव्हत्या. माती, जाळी, धुराडं सगळं फोडून त्यांनी ढीग केला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हे घ्या. आता तुमच्या साहेबानं लिवलेलं बरोबर होईन." सरांनी त्यांना थांबवलं नाही. ते तसेच वळले आणि माझ्या मागे येऊन बसले. सरांचा काटा सयत्राबाईंच्या अंगणातल्या ओट्यावर राहून गेला, तो आणायला मी परत गेले नाही.

जिल्ह्यातलं कामच कंपनीने बंद केलं. ज्या नोकरीसाठी मी गप्प बसले तीही चार-पाच महिन्यांत गेली. मला दुसरी मिळाली. सरांना काही मिळालं नाही, त्यांनी शोधलंही नाही. त्यांना पुढे मी एकदा भेटायला गेले. सांदवाडीतल्या चुलींत काकूंच्या कोंबड्या बसायला लागल्या होत्या. टेबलावर नोंदवह्या होत्या. मी सहज एक उघडली. प्रत्येक 'पेटती' या शब्दापुढे त्यांनी लाल शाईने 'बहुतेक' असं लिहिलं होतं. पानामागून पानं. ती पाहूनही मी चहा पिऊन घरी आले. माणूस किती निबर होऊ शकतो हे मला दुसऱ्या कोणाकडून शिकावं लागलं नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. या हिवाळ्यात एका लग्नासाठी पवनीकडे जाणं झालं. मांडवात त्या गावची एक बाई भेटली. मी सयत्राबाईंचं विचारलं. ती म्हणाली, "ते बुढी? ते तं गेली. दिवाळीच्या आधीच." मी जेवले नाही. येताना कारध्याला उतरले.

सर ओसरीत खुर्चीवर होते, वाळले होते. मला लगेच ओळखलं नाही, मग ओळखलं. मी बसलेच नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फोन, आण, 'नहीं सर', आणि त्यांना म्हटलेलं 'नाही सर'. त्या दिवशी अंगणात सयत्राबाई कोणासाठी गप्प राहिल्या ते. मला वाटलं होतं ते रागावतील, आणि मी त्याचीच वाट पाहत होते. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी गेले असते.

त्यांनी आपला तळहात उलटून पाहिला.

"म्हंजे ते बाई खरं बोलत होती."

"हाव सर."

"न् मी तिले तिच्याच आंगनात खोटारडी म्हनलं."

"हाव."

त्यांनी खुर्चीच्या हातांना धरून उठायचा प्रयत्न केला. "चाल मंग. आत्ताच जाऊ. तिले सांगतो, बाई, माही चूक झाली."

"सर, त्या गेल्या. दिवाळीआधी."

ते पुन्हा बसले. आतून काकूंनी विचारलं, कोण आहे?

"मंग आता मले कायले सांगून राहिली?" सरांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं, आणि ते माझ्या तोंडाकडे पाहत उत्तराची वाट बघत होते.